नवऱ्यालाही न सांगितलेले दुखणे

मी एका तालुक्याच्या गावी उर्दू शाळेत शिकवते. उर्दू आणि मराठी हे माझे दोन विषय. मुलांना समानार्थी शब्द पाठ करून घेणे हे माझे रोजचे काम. पण एका दुखण्यासाठी मला दोन्ही भाषांत शब्द सापडत नव्हता. खोकला आला, शिंक आली, जोरात हसू आले की लघवीचे थेंब आपोआप निसटतात. हे डॉक्टरांपुढे कसे सांगायचे? आपण म्हणतो, "लघवीचा त्रास आहे." डॉक्टर विचारतात, "जळजळ होते का?" आपण मान हलवतो आणि जळजळीच्या गोळ्या घेऊन घरी येतो. तेच थेंब पती-पत्नीच्या एकांतातही निसटतात, हे सांगायला तर जीभच रेटत नाही.

पुढे कळले की शब्द आहे आणि तो फार जुना आहे. फिक्हच्या किताबांत आणि युनानी हकिमांच्या ग्रंथांत या त्रासाला 'सलसुल बौल' म्हणतात. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आपल्या उलेमांनी अशा रुग्णाचा विचार केला आणि त्याच्या वुजूचा व नमाजचा हुकूम लिहून ठेवला. ज्या दुखण्याला मदरशाच्या किताबात जागा आहे, त्याला आपल्या घरात मात्र जागा नाही. सासूला सांगायचे नाही, बहिणीला सांगायचे नाही, नवऱ्याला तर मुळीच नाही. म्हणून हा लेख लिहायचे ठरवले. पाठवण्याआधी तो माझ्या पतीने वाचला आहे. ते म्हणाले, "पाठव. हे पुरुषांनीही वाचायला हवे."

परीक्षा नसतानाही उत्तरपत्रिका

माझे दुसरे बाळंतपण अवघड गेले. बाळ चांगले चार किलोच्या जवळपास होते आणि कळा खूप वेळ चालल्या. त्यानंतर काही महिने खोकताना थेंब गळायचे. घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, "बाळंतपणानंतर असं होतंच गं, बाईच्या जातीला हे चालायचंच." खरोखर ते कमी झाले आणि मी विसरूनही गेले. चाळिशी आली, वजन थोडे वाढले आणि त्रास परत सुरू झाला. आता तो पहिल्यापेक्षा जास्त होता. खडूच्या धुळीने शिंक आली की वर्गातच पाय जुळवून उभे राहायचे. मुलांची कवायत घेताना स्वतः उडी मारून दाखवणे बंद झाले. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी सजद्यातून उठताना मन नमाजमध्ये नसायचे, कपड्यांकडे असायचे.

एकदा एकांताच्या वेळीही तसे झाले. अंधार होता. त्यांना कळले की नाही, हे मला कळले नाही. मला मात्र कळले होते. त्यानंतर मी रात्री उत्तरपत्रिका घेऊन बसू लागले. परीक्षा नसतानाही. ते झोपले की दिवा मालवायचा. असे एक नाही, दोन नाही, जवळजवळ आठ महिने चालले. एकदा त्यांनी विचारले, "मेरे से नाराज है क्या?" मी म्हटले, "नाराज कशाला असेन?" आणि पुढची वही उघडली.

शेवटी एका सुट्टीत मुले मामाकडे गेलेली असताना मी त्यांना सांगून टाकले. त्यांच्याकडे न बघता, तांदूळ निवडता निवडता. ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटले, आता यांना किळस वाटली असेल. मग ते जे बोलले ते माझ्या ध्यानीमनी नव्हते. त्यांना वर्षभरापूर्वी साखरेची गोळी सुरू झाली होती. त्यामुळे आपल्यात कमजोरी आली आहे, ती बायकोच्या लक्षात आली आहे आणि म्हणून ती दूर राहते, असे ते आठ महिने समजत होते. एका छताखाली दोन माणसे आपापल्या शरीराची लाज एकमेकांपासून लपवत होती आणि दोघांनाही वाटत होते की समोरच्याला आपण नको आहोत.

भगिनींनो, या दुखण्याचे खरे नुकसान मला इथे दिसते. दोन थेंबांनी चादर ओली होते, ती धुता येते. पण ते दोन थेंब लपवायला बाई अंथरूण वेगळे करते, बोलणे तोडते, आणि नवरा त्याचा भलताच अर्थ काढतो. कुरआनने पती-पत्नीच्या नात्याला पोशाखाची उपमा दिली आहे. पोशाख आपले उणे झाकतो. ज्याच्यापासून काही झाकायची गरज नाही अशी ही एकच व्यक्ती, आणि आपण सगळ्यात जास्त तिच्यापासूनच झाकतो.

पाक-नापाकची भीती

आपल्या घरांत या दुखण्याला आणखी एक पदर आहे. लघवीच्या शिंतोड्यांपासून स्वतःला न जपणाऱ्याला कबरीत अजाब होतो, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या बाईचे थेंब आपोआप गळतात तिच्या काळजात ही हदीस काट्यासारखी रुतून बसते. माझ्या ओळखीच्या एक खाला दिवसातून तीन-तीनदा गुस्ल करायच्या, थंडीच्या दिवसांतही. दुसऱ्या एकीने नमाजच सोडली होती, कारण "नापाक अंगाने मुसल्ल्यावर कशी उभी राहू?"

मी आमच्याकडच्या मुलींच्या मदरशात शिकवणाऱ्या आलिमांकडे गेले. माझा संकोच बघून त्यांनी आधी हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांची आठवण करून दिली. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना स्त्रीच्या गुस्लविषयी असा प्रश्न थेट विचारला होता, जो आज आपण मैत्रिणीलाही विचारणार नाही. अन्सारच्या स्त्रियांना दीन समजून घेताना लाज आड आली नाही, म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली. मग आलिमा म्हणाल्या, "ती हदीस बेपर्वाईबद्दल आहे. तुम्ही बेपर्वा असता तर माझ्याकडे आला असता का? आजारी माणसाकडून जे त्याच्या इख्तियाराबाहेर घडते, त्याचा गुनाह नाही."

त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. लघवीचा थेंब आला तर वुजू तुटतो, गुस्ल लागत नाही. जागा धुवायची, कपडा बदलायचा किंवा लागलेला भाग धुवायचा आणि पुन्हा वुजू करायचा. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांना पाळीव्यतिरिक्त सतत रक्त जायचे. त्यांनी प्रेषितांना विचारले, तेव्हा अशा स्थितीत नमाज सोडायची नाही, असे त्यांना सांगण्यात आले. तोच नियम उलेमांनी सतत लघवी गळणाऱ्यालाही लावला.

हनफी मसलकात अशा व्यक्तीला 'माजूर' म्हणतात. एका नमाजची पूर्ण वेळ निघून जाते, पण वुजू करून फर्ज अदा करण्याइतकाही कोरडा अवसर मिळत नाही, अशी हालत असेल तर ती माजूर ठरते. पुढे प्रत्येक नमाजच्या वेळेत एकदा तरी थेंब येत असेल, तोवर ती माजूरच राहते. तिने त्या नमाजची वेळ सुरू झाल्यावर वुजू करावा. मग थेंब आले तरी ती वेळ संपेपर्यंत तो वुजू टिकतो, दुसऱ्या कारणाने तुटला तर गोष्ट वेगळी. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत. रत्नागिरीहून बदलून आलेल्या माझ्या सहशिक्षिकेने तिच्याकडचा तरीका सांगितला. वेळ झाल्यावर जागा धुवून पॅड किंवा कपडा बांधायचा, लगेच वुजू करून नमाज पढायची, आणि प्रत्येक फर्जसाठी नवा वुजू करायचा. नफ्ल त्याच वुजूत कितीही पढता येतात.

जिला फक्त खोकताना कधीतरी थेंब येतो, ती या व्याख्येत माजूर नाही. तिने पुन्हा वुजू करायचा, एवढेच. आपण नेमके कुठे बसतो हे प्रत्येकीने आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारावे. एकांताविषयीही मी विचारले. त्या म्हणाल्या, "संबंधानंतर गुस्ल तर दोघांवरही फर्ज असतेच. मध्ये न कळत लघवी आली तर अंग आणि चादर धुवा. त्यासाठी शौहरपासून दूर राहायचा हुकूम कुठेही नाही. इलाज मात्र करा." हे शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा म्हटले.

शरीरात नेमके काय होते

मग आम्ही दोघे जिल्ह्याच्या ठिकाणी एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला, की माझे अर्धे ओझे तिथेच उतरले: "संबंधाच्या वेळीही होतं का?" त्यांच्यासाठी तो पोटदुखीसारखाच एक प्रश्न होता. जगभरात प्रौढ स्त्रियांपैकी साधारण चारांतल्या एकीला तरी कमी-अधिक प्रमाणात लघवी गळण्याचा त्रास असतो, असे त्या म्हणाल्या. आमच्या शाळेत आम्ही बारा शिक्षिका आहोत. मी मनात हिशेब केला.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. ती पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर विसावलेले असतात आणि त्यांच्या वाटा तिच्यातूनच खाली येतात. गरोदरपण, बाळंतपण, वाढलेले वजन, जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता, जड ओझी उचलणे यांनी ही झोळी सैल पडते. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले की तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्याचाही परिणाम होतो.

लघवी गळण्याचे मुख्य प्रकार दोन. खोकला, शिंक, वजन उचलणे यांनी पोटावर दाब आला की थेंब निसटतात, हा पहिला. अचानक जोराची घाई होते आणि न्हाणीघरापर्यंत पोहोचायच्या आत कपडे ओले होतात, हा दुसरा. यात मूत्राशयच वेळेआधी आकसत असते. पुष्कळ जणींना दोन्ही मिळून असतात. एकांतातही हाच फरक दिसतो. संबंधाच्या सुरुवातीला, आत दाब पडल्यावर लघवी येत असेल तर ते बहुधा पहिल्या प्रकारात मोडते. सुखाच्या शेवटच्या क्षणी येत असेल तर बहुतेक वेळा मूत्राशयाच्या अवेळी आकसण्याशी त्याचा संबंध असतो. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून केव्हा येते हे डॉक्टरांना नीट सांगावे लागते.

त्यांनी लघवीची आणि साखरेची तपासणी केली, कारण जंतुसंसर्गाने आणि मधुमेहानेही हा त्रास होतो किंवा वाढतो. लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीत पाहिले. तीन दिवस एक वही लिहायला सांगितली: किती वाजता काय प्यायले, किती वेळा लघवीला गेले, केव्हा गळली. मास्तरीण असल्यामुळे वही मी व्यवस्थित लिहिली. त्या वहीतून एक गोष्ट बाहेर आली. शाळेच्या वेळेत मी पाण्याचा घोटही घेत नव्हते. शाळेतले स्वच्छतागृह चांगले नसले की आपण शिक्षिका हेच करतो. पण पाणी फार कमी प्यायले की लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते, घाई वाढते आणि बद्धकोष्ठताही होते. डॉक्टरांनी दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी थोडे थोडे प्यायला आणि चहा कमी करायला सांगितले.

पाच नमाज, पाच वेळा व्यायाम

माझा त्रास मुख्यतः पहिल्या प्रकारचा निघाला आणि इलाज म्हणून व्यायाम मिळाला. 1948 साली अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी झोळीच्या या स्नायूंचा व्यायाम वैद्यकीय जगापुढे मांडला, म्हणून त्याला केगेल व्यायाम म्हणतात. पुढे त्यांनी हेही लिहिले, की याच स्नायूंचा स्त्रीच्या वैवाहिक सुखाशी संबंध आहे. म्हणजे लघवी धरणारे आणि एकांतात साथ देणारे स्नायू एकच. एका व्यायामाने दोन्हींना बळ येते.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवले ते असे. चारचौघांत पोटातला वारा अडवताना जी जागा आपण आत ओढून घेतो, ती आत आणि वर ओढायची. पाच सेकंद धरायचे, जमेल तसे दहापर्यंत न्यायचे. मग तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून किमान तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट, मांड्या आणि कुल्ले आवळायचे नाहीत. चालू लघवी अडवून हा व्यायाम रोज करायचा नाही, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. मी तो नमाजशी जोडून घेतला. सलाम फेरला, तसबीह झाली की तिथेच बसून दहा वेळा. त्यामुळे विसरायचा प्रश्नच उरला नाही. शिंक येणार असे वाटले की आधी ते स्नायू आवळून घ्यायचे, ही युक्तीही त्यांनीच दिली. सजद्यातून उठताना श्वास सोडत उठायचे, याचाही उपयोग झाला.

फरक पडायला किमान तीन महिने लागतात, हे त्यांनी आधीच बजावले होते. मला पहिले सहा आठवडे काहीच जाणवले नाही. चौथ्या महिन्यात एक दिवस वर्गात लागोपाठ तीन शिंका आल्या आणि मी फळ्यावरचा शब्द पुरा केला. आजही पूर्ण बरे झालेले नाही. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत पॅड लावावा लागतो. पण रात्री उत्तरपत्रिका फक्त परीक्षेच्या दिवसांतच तपासल्या जातात.

व्यायामाने भागले नाही तरी वाट संपत नाही. घाईच्या प्रकारात ठरावीक वेळांना लघवीला जाऊन हळूहळू अंतर वाढवण्याची सवय लावतात आणि औषधेही असतात. पाळी गेलेल्या स्त्रीला कोरडेपणासाठी डॉक्टर जागेवर लावायचे इस्ट्रोजेनचे मलम देतात. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग मिळते. गरज पडली तर शस्त्रक्रिया आहे. लघवीत रक्त आले, ताप आणि वेदना असतील, पायात बधिरपणा आला किंवा बाळंतपणानंतर अथवा शस्त्रक्रियेनंतर लघवी रात्रंदिवस सतत वाहू लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभाग असतो.

एकांतासाठी काही साध्या गोष्टी

त्याआधी लघवीला जाऊन यावे. तासा-दोन तासांत चहा किंवा भरपूर पाणी पिऊ नये. खाली जाड टॉवेल अंथरावा. चादरीची चिंता गेली की निम्मी भीती जाते. पोटावर भार येणार नाही अशी, कुशीवरची स्थिती बऱ्याच जणींना सोयीची पडते. कोरडेपणा असेल तर औषधाच्या दुकानात त्यासाठीचे जेल मिळते. नंतर पुन्हा लघवीला जावे, त्याने जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. लघवी शोषणारे खास पॅडही दुकानात मिळतात. पाळीचे पॅड लघवीसाठी तितके उपयोगी नसतात.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही. ती म्हणजे आधी सांगून ठेवणे. "असं होऊ शकतं, मी इलाज करते आहे," एवढी दोन वाक्ये पुरतात. भर दिवसा, दुसरे काही काम हातात असताना सांगितले तर सोपे जाते.

भाईजान हा लेख वाचत असतील तर त्यांना विनंती आहे. बायको दूर राहू लागली तर लगेच तिच्या मनाबद्दल शंका घेऊ नका, तिच्या तब्येतीबद्दल विचारा. तिने सांगितले तर हसू नका, नाक मुरडू नका, जबरदस्ती तर नकोच. तुमचीच मुले जन्माला घालताना तिची ही झोळी सैल झाली आहे. दवाखान्यात बरोबर जा आणि मुले सांभाळा, म्हणजे तिला व्यायामाला दहा मिनिटे मिळतील. आणि तुमच्याही शरीरात काही कमी-जास्त वाटत असेल तर तिला सांगा. ती तुमची वाट बघत असेल.

आणि ज्या भगिनींच्या लेकी-सुना आता बाळंत होणार आहेत, त्यांनी 'चालायचंच' हा शब्द आता बाजूला ठेवावा. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतो, शेक-शेगडी करतो, त्याच वेळी हा व्यायामही डॉक्टरांना विचारून शिकवावा. अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर त्याचा इलाजही उतरवला आहे, हा आपला विश्वास आहे. तो इलाज शोधण्यासाठी तोंड उघडणे हे आपले काम. अल्लाह आपणा सर्वांना शिफा देवो आणि आपल्या घरांत आपुलकीने बोलण्याची तौफीक देवो. आमीन.